हँडहेल्ड जीपीएसमधले वेपॉइंट: जपायचे कसे, गेले तर परत आणायचे कसे

एखादा झरा मार्चअखेरही वाहता असतो हे कळायला मार्चअखेर तिथं जावं लागतं. नाळेचं, म्हणजे कड्यातून उतरणाऱ्या अरुंद घळीचं, तोंड नेमकं कुठल्या कातळाच्या डावीकडे आहे, कोणत्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे, पदरातल्या रानात ढोरवाट सोडून खरी वाट कुठं फुटते, हे सगळं आपण उन्हातान्हात चालून, चुकून, धनगरवाड्यावर विचारून मिळवतो. मग जीपीएसचं बटण दाबून तो पॉइंट मार्क करतो आणि यंत्र सॅकच्या खिशात टाकतो. पुढं दोन-तीन वर्षं तो पॉइंट त्या एकाच यंत्रात पडून राहतो.

सह्याद्रीत घाटवाटा करणाऱ्या मंडळींकडे हातात धरायचे जीपीएस बऱ्याच वर्षांपासून आहेत, आणि त्यात गार्मिन कंपनीचे ईट्रेक्स सर्रास दिसतात. माझ्याकडे ईट्रेक्स ३० आहे. म्हणून हा लेख त्याच घराण्याभोवती फिरतो: २०११ साली आलेले ईट्रेक्स १०, २० आणि ३०, आणि त्यांचे पुढचे भाऊ २०एक्स, ३०एक्स, २२एक्स, ३२एक्स. दुसरं यंत्र असेल तर बटणं आणि फोल्डरांची नावं बदलतील, पद्धत साधारण हीच राहील.

यंत्राच्या पोटात काय असतं

आपण मार्क केलेली जागा म्हणजे वेपॉइंट. चालताना आपोआप उमटत जाते ती रेघ म्हणजे ट्रॅक. आधी आखून ठेवलेली वाट म्हणजे रूट. तिन्ही साठतात जीपीएक्स नावाच्या फाइलींत. हा फॉरमॅट २००२ साली आला, त्याची १.१ ही आवृत्ती २००४ ची, आणि आजही जवळपास प्रत्येक नकाशाचं ॲप तो वाचतं. जीपीएक्स ही साधी मजकुराची फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडली तर डोळ्यांनी वाचता येते, आणि पुढं दुरुस्तीच्या वेळी हाच गुण उपयोगी पडतो.

यंत्र संगणकाला जोडलं की ते पेन ड्राइव्हसारखं दिसतं. आत गार्मिन नावाचं फोल्डर, त्याच्या आत जीपीएक्स नावाचं फोल्डर. त्यात प्रत्येक दिवसाच्या वेपॉइंटांची वेगळी फाइल असते, नाव ‘वेपॉइंट्स’ आणि पुढं तारीख. दोन दिवसांच्या ट्रेकचे पॉइंट दोन फाइलींत सापडतील. त्याच फोल्डरात ‘करंट’ नावाचं फोल्डर आहे. सध्या चालू असलेला, तुम्ही अजून सेव्ह न केलेला ट्रॅक तिथं असतो. शेजारच्या ‘आर्काइव्ह’मध्ये यंत्रानं आपणहून बाजूला काढलेले जुने ट्रॅक असतात. ही दोन फोल्डरं बरेच जण उघडूनही बघत नाहीत. गेलेलं परत आणायची वेळ आली की मी मात्र सगळ्यात आधी तीच उघडतो.

ईट्रेक्स १० मध्ये हजार वेपॉइंट मावतात आणि मेमरी कार्डाची सोय नाही. २० आणि ३० मध्ये दोन हजार मावतात, आणि बॅटऱ्यांच्या खाली मायक्रोएसडी कार्डाची खाच असते. कार्ड घातलेलं असेल तर संगणकावर दोन ड्राइव्ह दिसतात. दोन्ही उघडून बघा, कारण काही फाइली कार्डावरही असू शकतात.

बॅकअप घेताना

मी बॅकअप ट्रेकहून आल्या रात्रीच घेतो, अंघोळीच्या आधी. उशीर झाला की पुढच्या ट्रेकचे पॉइंट मागच्यांत मिसळतात आणि यंत्रानं आपोआप नाव दिलेला ‘०१७’ म्हणजे नक्की कुठला झरा, हे आठवेनासं होतं.

आधी केबल तपासा. या यंत्रांना जुनी मिनी-यूएसबी केबल लागते, जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांबरोबर यायची तीच. काही केबलींतून फक्त वीज जाते, डेटा जात नाही. यंत्राचा पडदा उजळला पण संगणकावर ड्राइव्ह दिसला नाही, तर यंत्राला दोष देण्याआधी केबल बदलून बघा.

ड्राइव्ह उघडला की गार्मिन हे अख्खं फोल्डर कॉपी करा. नुसती वेपॉइंटची फाइल उचलू नका. त्या फोल्डरात तुमची प्रोफाइलं, स्वतः टाकलेली चिन्हं आणि गार्मिनडिव्हाइस नावाची एक छोटी फाइल असते. यंत्राचं मॉडेल काय आणि कुठल्या प्रकारची फाइल कुठं ठेवायची, हे त्या फाइलीत लिहिलेलं असतं. नकाशाच्या मोठ्या फाइली वगळल्या तरी चालतील, त्या पुन्हा उतरवता येतात. तुमचा झरा उतरवता येत नाही.

संगणकावर या फोल्डराला नाव देताना तारीख, यंत्र आणि मुलूख तिन्ही घाला. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डरं आपोआप ओळीनं लागतात. यंत्राचं नाव का घालायचं, ते मी स्वतः नुकसान करून शिकलो.

मोहरी गावाहून बोराट्याच्या नाळेनं पाने गावात उतरून सिंगापूरच्या नाळेनं परत वर यायचं, असा बेत होता. आमच्याकडे दोन ईट्रेक्स होते, एक माझा, एक मित्राचा. मी पुढं चालत होतो आणि माझ्याकडे ४७ पॉइंट झाले होते. घरी आल्यावर माझी फाइल संगणकावर घेतली, आणि यंत्र दुसऱ्या गटाला द्यायचं होतं म्हणून त्यातली फाइल पुसून टाकली. मग मित्राचं यंत्र लावलं आणि त्याची फाइल त्याच फोल्डरात ओढली. दोघांनी एकाच दिवशी पॉइंट मारले होते, म्हणजे दोन्ही फाइलींचं नाव अक्षरशः एकच. संगणकानं विचारलं, या नावाची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का? मी हो म्हटलं. एका क्षणात माझे ४७ पॉइंट दोन्हीकडून गेले होते. ते परत कसे आले ते पुढं सांगतो. तेव्हापासून प्रत्येक यंत्राचं फोल्डर वेगळं, आणि यंत्रातलं काहीही पुसायच्या आधी प्रत उघडून बघितलेली असते.

उघडून बघणं म्हणजे खरंच उघडून. गूगल अर्थमध्ये किंवा फोनवरच्या ऑसमअँड या नकाशाच्या ॲपमध्ये फाइल टाका आणि पॉइंट नकाशावर जागेवर पडतात का ते पाहा. यंत्रातला आकडा आणि फाइलीतला आकडा जुळवा. नंतर ‘सुरक्षितपणे काढा’ करूनच केबल सोडवा. लिहिणं चालू असताना केबल उपटली तर फाइल अर्धवट राहते, आणि अशी फाइल यंत्राला सुरू होतानाच अडकवू शकते.

प्रती तीन ठेवा: एक संगणकावर, एक गावी किंवा मित्राकडे पेन ड्राइव्हवर, एक स्वतःलाच ईमेल करून किंवा क्लाउडवर. हजार वेपॉइंटांची फाइल एखाद्या फोटोपेक्षाही लहान असते, त्यामुळे जागेची सबब चालणार नाही. गार्मिनचं बेसकॅम्प हे संगणकावरचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातल्या फाइल मेन्यूतूनच बॅकअप घेता येतो. तरी त्याशिवाय जीपीएक्स वेगळी काढून ठेवा. बेसकॅम्पची बॅकअप फाइल बेसकॅम्पच वाचतं, जीपीएक्स सगळे वाचतात.

आणखी एक काम त्याच रात्री उरकायचं. ०१७ चं नाव बदला. यंत्रावर देवनागरी उमटत नाही, म्हणून नाव रोमन अक्षरांत लिहावं लागतं. पण टिपणात महिना आणि पाण्याची स्थिती नक्की टाका. ‘टाकं, डावीकडचं, मार्चमध्ये भरलेलं’ एवढ्या नोंदीवर पाच वर्षांनी कुणीतरी पाणी भरून घेऊ शकेल. नावं बदलायचं दुसरंही कारण आहे. सगळे पॉइंट पुसले की यंत्र पुन्हा ००१ पासून मोजू शकतं, आणि मग पाच ट्रेकचे पाच ००१ एकत्र आले की गोंधळ होतो.

प्रती दुसऱ्यांना द्यायच्या असतील तर आधी एकदा यादी चाळा. गिधाडांच्या घरट्यांचे किंवा तसल्या नाजूक जागांचे पॉइंट मी वाटायच्या फाइलीतून काढून टाकतो. मूळ प्रत माझ्यापाशी असते, ती वेगळी.

वहीतली प्रत

पाण्याच्या आणि नाळांच्या जागा मी वहीतही उतरवतो. पण यात एक मोठा धोका आहे. जीपीएक्स फाइलीत आकडे कायम दशांश अंशांत आणि डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो) असतात, मग पडद्यावर तुम्ही काहीही सेटिंग ठेवा. वहीत मात्र पडद्यावर दिसतं ते उतरतं. ईट्रेक्सचं मूळ सेटिंग अंश आणि दशांश मिनिटं असं आहे. १९ अंश ३६.५५० मिनिटं हा आकडा नंतर कुणी १९ अंश ३६ मिनिटं ५५ सेकंद असा वाचला, तर फरक पडतो २२ सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे ६८० मीटर. खिंडीच्या एका बाजूला नाळ आणि दुसऱ्या बाजूला कडा असतो अशा मुलखात ६८० मीटर म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून वहीच्या प्रत्येक पानावर वरच लिहा: पद्धत कोणती, डेटम कोणता. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून काढलेले आकडे एव्हरेस्टच्या डेटमवरचे असतात. ते तसेच यंत्रात घातले तर पॉइंट सरकतो.

ज्यांचं यंत्र फार जुनं आहे

पिवळा जुना ईट्रेक्स किंवा ६०, ७६ या मालिकेतली यंत्रं पेन ड्राइव्हसारखी उघडत नाहीत. फार तर त्यांचं मेमरी कार्ड दिसतं, आतले वेपॉइंट दिसत नाहीत. त्यांच्यासाठी संगणकावर ईझीजीपीएस किंवा जीपीएसबेबल हे सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही फुकट मिळतात. पिवळ्या ईट्रेक्सला त्याची खास सिरियल केबल लागते, आणि आजच्या संगणकाला सिरियलची खाच नसते, म्हणून मध्ये यूएसबी कन्व्हर्टर. यंत्रातलं इंटरफेस सेटिंग गार्मिनवर ठेवा, दुसऱ्या कशावर असेल तर पॉइंट बाहेर येणार नाहीत.

अशा यंत्रांच्या तारखांवर विसंबू नका. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ आठवडे झाले की आकडा पुन्हा शून्यावर येतो. तसं १९९९ च्या ऑगस्टमध्ये झालं आणि पुन्हा ६ एप्रिल २०१९ ला झालं. ज्या यंत्रांना हे उमगलं नाही ती जवळपास वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. जागेचे आकडे बरोबरच असतात. फक्त तारखेनं लावून ‘नवं कुठलं, जुनं कुठलं’ ठरवायला गेलात तर नवी प्रत जुनी समजून पुसाल.

काही नव्या मॉडेलांत उलट गोष्ट आहे. तिथं वेपॉइंट आतल्या डेटाबेसात राहतात, जीपीएक्स फोल्डर बघावं तर रिकामं. घाबरू नका. यंत्रातून किंवा गार्मिनच्या ॲपमधून एक्सपोर्ट करा, म्हणजे फाइल तयार होईल.

गेले तर

पॉइंट पुसले गेले हे लक्षात आल्याबरोबर यंत्र बंद करा आणि बॅटऱ्या काढा. चालू यंत्र दर थोड्या वेळानं ट्रॅक लिहीत असतं, आणि प्रत्येक नवी नोंद तुमच्या पुसलेल्या फाइलीच्या जागेवर बसू शकते. फाइल पुसली म्हणजे मेमरीतून खरवडली जात नाही. यादीतल्या तिच्या नोंदीवर ‘ही जागा मोकळी’ अशी खूण होते, एवढंच. मजकूर तिथंच असतो, दुसरं काही येऊन बसेपर्यंत. यूएसबीला जोडल्यावर यंत्र ट्रॅक लिहीत नाही, म्हणून पुढचं सगळं काम केबलवरूनच करा.

मॅकवरून पुसलं असेल तर आधी ट्रॅश बघा. मॅक अशा ड्राइव्हवरच एका लपलेल्या फोल्डरात पुसलेली फाइल ठेवतो, आणि ट्रॅश रिकामा केला नसेल तर ती तिथून सरळ परत उचलता येते. विंडोजवर अशा ड्राइव्हवरची फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही.

तिथं नसेल तर फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर. नाव फोटोंचं असलं तरी हे इतर कितीतरी प्रकारच्या फाइली शोधतं. संगणकावर उतरवा, यंत्राचा ड्राइव्ह निवडा, फाइलप्रकारांत मजकुराच्या फाइली तेवढ्या चालू ठेवा, आणि सापडलेलं साठवायची जागा संगणकावरची द्या. यंत्रावरची जागा चुकूनही देऊ नका, नाहीतर शोधायला निघालेलं आपणच झाकून टाकू. परत आलेल्या फाइलींना मूळ नाव नसतं, एक अक्षर आणि लांबलचक आकडा असतो. एकेक नोटपॅडमध्ये उघडून बघावी लागते. मला अशा साठेक फाइली मिळाल्या. चौतिसाव्या फाइलीत माझा पहिला पॉइंट दिसला, ‘मोहरी विहीर’.

ती फाइल शेवटाकडे तुटलेली होती. ४४ पॉइंट पूर्ण, पंचेचाळिसाव्याचा अक्षांश लिहिलेला, रेखांशाच्या मध्येच कचरा अक्षरं. अशी फाइल यंत्र वाचत नाही. पण दुरुस्ती हातानं होते. प्रत्येक वेपॉइंट कोनी कंसातल्या ‘डब्ल्यूपीटी’ या खुणेनं सुरू होतो, त्याच खुणेत अक्षांश आणि रेखांश असतात, मग आत उंची, वेळ, नाव, चिन्ह, आणि तिरकी रेघ मारलेल्या त्याच खुणेनं तो संपतो. शेवटचा पूर्ण पॉइंट जिथं संपला तिथवर ठेवलं, त्यापुढचं सगळं पुसलं, आणि शेवटी कोनी कंसात तिरकी रेघ व लहान लिपीत जीपीएक्स असं लिहून फाइल बंद केली. सेव्ह केली, गूगल अर्थमध्ये टाकली, आणि ४४ पिना सिंगापूरच्या नाळेपर्यंत ओळीनं उभ्या राहिल्या. हे काम नोटपॅडमध्येच करा. वर्डमध्ये केलं तर अवतरणचिन्हं बदलतात आणि फाइल पुन्हा बिघडते.

उरलेले तीन पॉइंट ट्रॅकमधून काढले. ‘करंट’ फोल्डरातला ट्रॅक मी पुसला नव्हता. त्यात प्रत्येक टिंबाला वेळ असते, फक्त ती जागतिक वेळ, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागं. पाण्याच्या जागेचा फोटो होता, वेळ दुपारी २ वाजून ५० मिनिटं. ट्रॅकमध्ये ९ वाजून २० मिनिटांची टिंबं शोधली. तिथं टिंबांचा पुंजका होता, कारण आम्ही बाटल्या भरत दहा-बारा मिनिटं थांबलो होतो. पुंजक्याच्या मधला आकडा घेतला आणि नवा पॉइंट केला. बाकीचे दोनही असेच फोटोंवरून मिळाले. म्हणून ट्रेकच्या सकाळी फोनचं घड्याळ बरोबर आहे ना, हे बघून घ्या, आणि मार्क केलेल्या जागेचा एक फोटो काढाच.

यंत्र सुरूच होत नसेल, लोगोवर अडकत असेल, तर बरेचदा एखादी बिघडलेली जीपीएक्स फाइल कारण असते. माझ्या ईट्रेक्सवर जॉयस्टिक वरच्या बाजूला दाबून धरून केबल लावली की यंत्र पूर्ण सुरू न होता ड्राइव्ह म्हणून उघडतं. बोट अर्धा मिनिट सोडायचं नाही. ड्राइव्ह दिसला की सगळं कॉपी करा, मग जीपीएक्स फोल्डरातल्या फाइली बाहेर काढा आणि यंत्र सुरू करून पाहा. सुरू झालं तर एकेक फाइल परत घालत जा. जिच्यापाशी अडकेल ती दोषी, तिला वर सांगितल्यासारखी दुरुस्त करा. सगळं रीसेट करायचा पर्याय यातलं काहीच चाललं नाही तर, आणि प्रत हातात असेल तरच.

परत घालताना

प्रतीतली फाइल यंत्राच्या जीपीएक्स फोल्डरात ठेवा, ड्राइव्ह सुरक्षितपणे काढा, यंत्र सुरू करा. वेपॉइंट आपोआप वाचले जातात. मर्यादेपेक्षा जास्त असतील तर उरलेले दिसत नाहीत, म्हणून सगळी वर्षं एकदम भरू नका. ज्या मुलखात जायचं आहे तेवढेच घाला. दोन फाइलींत तेच पॉइंट असतील तर एकाच जागी दोन-दोन झेंडे दिसतात. आधी बेसकॅम्पमध्ये एकत्र करून जादाचे काढा.

शेवटची तपासणी घराबाहेर करा. मी घराजवळच्या देवळाच्या पायरीवर एक पॉइंट कायम मार्क करून ठेवला आहे आणि तो प्रत्येक प्रतीत असतो. फाइल परत घातल्यावर तिथं जाऊन उभा राहतो आणि त्या पॉइंटकडे ‘जा’ म्हणतो. पडद्यावर पाच-सात मीटर दिसले की फाइलीतले आकडे बरोबर उतरले. शंभर-दोनशे मीटर दिसले तर कुठंतरी डेटमची किंवा मिनिट-सेकंदांची गफलत झाली आहे, ती घरी बसून निस्तरायची आणि मगच सॅक भरायची.